टेपचं रीळ संपायचं, हार्ड डिस्क संपत नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे: संगणक आणि इंटरनेट आल्यामुळे संगीताच्या धंद्यात खरोखर काय बदललं? आणि घरी लॅपटॉपवर गाणी करणाऱ्याला आता स्टुडिओची, म्युझिक कंपनीची गरज उरली आहे का?

मी ध्वनिमुद्रण आणि मिक्सिंग (सुटे मुद्रित केलेले आवाज तोलून एकत्र बसवणं) करतो. टेपवर शिकलो, मग टेप आणि संगणक शेजारी शेजारी चालायचे ती वर्षं काढली. आता माझं टेप-मशीन महिन्यातून एकदा, गंजू नये म्हणून सुरू होतं. जुनं ते सोनं म्हणायचा मोह मलाही होतो, पण तसं म्हणणाऱ्यातल्या बहुतेकांनी मध्यरात्री मशीनची हेडं साफ केलेली नसतात.

माझ्या मते बदलली ती एकच गोष्ट: जागा. टेपवर जागा कमी होती, तबकडीवर कमी होती, दुकानाच्या फळीवर कमी होती, रेडिओच्या वेळापत्रकात तर फारच कमी होती. संगणकाने आणि इंटरनेटने यातली एकेक टंचाई संपवली. आता जागा कमी आहे ती फक्त ऐकणाऱ्याच्या दिवसात. बाकीचं सगळं यातूनच निघालं.

टेपपासून सुरुवात करतो, कारण ती पाहिली नसेल तर पुढचं लक्षात येत नाही. दोन इंच रुंद टेपवर २४ ट्रॅक, म्हणजे एकमेकांपासून सुटे मुद्रित होणारे २४ पट्टे, बसायचे. चांगल्या दर्जासाठी ती सेकंदाला ३० इंच वेगाने पळवायची, म्हणजे २५०० फुटांचं रीळ साडेसोळा मिनिटांत संपणार. गायकाची एखादी ओळ चुकली तर तेवढ्याच ओळीवर ‘पंच’ करायचं: अचूक क्षणी रेकॉर्डचं बटण दाबायचं, अचूक क्षणी सोडायचं. अर्धा सेकंद उशीर झाला की पुढचा चांगला शब्द कायमचा पुसला गेला. तो परत आणायची सोयच नव्हती. म्हणून माणसं तयारी करून यायची. गायकाला चाल पाठ असायची, वादकांसमोर नोटेशन असायचं, आणि “हा टेक ठेवायचा की पुन्हा घ्यायचा” याचा निर्णय जागच्या जागी व्हायचा. ट्रॅक संपत आले की चार आवाज एकत्र करून एका ट्रॅकवर उतरवायचे आणि मूळचे चार पुसायचे. एकदा उतरवले की त्यातला एक कमी-जास्त करता येत नसे. निर्णय घेतल्याशिवाय काम पुढेच सरकत नव्हतं.

संगणक या जगात आला तो आवाज घेऊन नाही, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. तो आला हुकूम घेऊन. वाद्यांना आणि संगणकांना एकमेकांशी बोलता यावं म्हणून १९८३ मध्ये मिडी नावाची सर्वांसाठी एकच भाषा ठरली. एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या कंपन्यांनी ती एकत्र बसून ठरवली. त्यात अमेरिकेतले डेव्ह स्मिथ आणि जपानच्या रोलँडचे इकुतारो काकेहाशी हे दोघे पुढे होते. मिडीतून आवाज जात नाही. कीबोर्डची कुठली पट्टी दाबली, किती जोराने दाबली (० ते १२७ या मापात) आणि केव्हा सोडली, एवढंच जातं. पण तेवढ्याने एका माणसाला आठ वाद्यं एकाच वेळी ‘वाजवता’ येऊ लागली. १९८५ मध्ये आलेल्या अटारी एसटी या संगणकाला मिडीची जोडणी मुळातच होती. त्यामुळे साध्या कमाईच्या संगीतकाराच्या टेबलावरही सिक्वेन्सर, म्हणजे हे हुकूम साठवून क्रमाने परत वाजवणारा प्रोग्राम, आला.

पहिला फटका बसला तो तालवाद्यवाल्यांना. खऱ्या ड्रमचे नमुने (आधी मुद्रित करून ठेवलेले सुटे ठोके) वाजवणारं रॉजर लिन यांचं यंत्र १९८० मध्येच आलं होतं. मिडीने त्याला सगळ्यांशी जोडलं. यंत्र लय सोडत नाही, दमत नाही, जेवणाची सुट्टी मागत नाही. मग तंतुवाद्यांच्या ताफ्याची जागा नमुन्यांनी घेतली. स्टुडिओत रोज वाजवून घर चालवणाऱ्या वादकांची एक अख्खी पिढी पातळ झाली. या लोकांबद्दल फार कमी लिहिलं जातं, कारण त्यांची नावं तबकड्यांवरही क्वचितच असायची.

प्रत्यक्ष आवाज संगणकात शिरला तो पुढच्या दशकात. आवाज संगणकावर मुद्रित करून कापायची-जोडायची सोय म्हणजे प्रो टूल्स. १९९१ चं पहिलं प्रो टूल्स फक्त चार ट्रॅकचं होतं. २४ ट्रॅकच्या मशीनपुढे ते खेळणंच वाटायचं, आणि ते खेळण्याइतकं स्वस्तही नव्हतं. पण त्यात एक गोष्ट अशी होती, जी कुठल्याही टेपमध्ये नव्हती: केलेलं परत फिरवता येत होतं. १९९६ मध्ये स्टाइनबर्ग कंपनीने व्हीएसटी, म्हणजे मुद्रणाच्या प्रोग्रामला छोटे जोड-प्रोग्राम (प्लगिन) लावायची पद्धत, आणलं आणि कपाटभर यंत्रं, म्हणजे रिव्हर्ब, कॉम्प्रेसर, इक्वलायझर, हळूहळू पडद्यावरच्या खिडक्या होऊन बसली.

मला विचाराल तर या धंद्यातला सर्वांत मोठा शोध ना सिंथेसायझर, ना एमपी३. ती ‘अनडू’ची कळ. तिने निर्णय पुढे ढकलता येऊ लागला. गायकाचे चाळीस टेक घ्या आणि नंतर बसून निवडा. या टेकमधला पहिला शब्द, त्यातला दुसरा, तिसऱ्यातला श्वास. याला आम्ही कॉम्पिंग म्हणतो. चांगल्या हातात त्याने गाणं उजळतं. पण चाळीस टेक ऐकायला चाळीसपट वेळ लागतो, आणि एकविसाव्या टेकनंतर कानाला फरक कळेनासा होतो, ही बाब कुणी जमेस धरत नाही. माझा अनुभव असा की निवडलेली ओळ बहुतेक वेळा पहिल्या पाच टेकांतलीच निघते.

सुरांचंही तेच. अँडी हिल्डेब्रँड तेलकंपन्यांसाठी भूकंपलहरींचं विश्लेषण करत असत. जमिनीखालून परतणाऱ्या लहरी वाचायचं तेच गणित त्यांनी माणसाच्या गळ्याला लावलं आणि १९९७ मध्ये बेसूर स्वर सुरात ओढणारं ऑटो-ट्यून बाजारात आलं. हेतू होता चोरून दुरुस्ती करण्याचा. पुढच्याच वर्षी अमेरिकन गायिका शेर हिच्या एका गाण्यात दुरुस्तीचा वेग मुद्दाम शून्यावर ठेवला गेला, आवाज पायऱ्यांवरून उड्या मारल्यासारखा यंत्रवत झाला, आणि दोष हीच शैली ठरली. हे यंत्र मी वापरत नाही असं म्हणणारा मिक्सिंगवाला मला अजून भेटलेला नाही, मी धरून. पण नेहमीच्या मांडणीत ते सप्तकाचे बारा सारखे तुकडे गृहीत धरून चालतं. दोन स्वरांमधून घसरत जाणारी मींड त्याला चूक वाटते. तिला ते नेमकं मधल्या स्वरांवर अडकवतं, आणि जिवंत ओळ कॅल्क्युलेटरने म्हटल्यासारखी वाजते. म्हणून सरसकट पूर्ण गाण्यावर लावू नका. जो एक स्वर टोचतोय तेवढाच हाताने उचला.

रीकॉलची गंमतही सांगायला हवी. जुन्या मिक्सरवर दुसऱ्या दिवशी कालचंच मिक्स परत आणायचं तर शेकडो बटणांच्या जागा कागदावर लिहून ठेवाव्या लागत आणि तासभर जुळवत बसावं लागे. त्यामुळे “आवाज थोडा वर घ्या ना” हे वाक्य लोक विचार करून उच्चारायचे. आता फाइल उघडली की मिक्स जसंच्या तसं हजर. परिणाम: तेवीस आवृत्त्या, आणि शेवटी “मला वाटतं चौथीच बरी होती.” पैसे तेवढेच.

अनडूने जे दिलं त्याची किंमत जपणुकीत मोजावी लागते, आणि नवशिके तिथेच सर्वांत जास्त फसतात. चाळीस वर्षांपूर्वीची टेप आजही वाजते. काही टेपचा चिकटा सुटतो, मग त्या मंद आचेवर काही तास अक्षरशः भाजून घ्याव्या लागतात, पण त्यानंतर वाजतात. पंधरा वर्षांपूर्वीचं प्रोजेक्ट मात्र उघडतच नाही. प्रोग्रामची आवृत्ती बदललेली, प्लगिन बनवणारी कंपनी बंद पडलेली. २०१९ मध्ये मॅकने ३२ बिटचे प्रोग्राम चालवणं थांबवलं तेव्हा माझ्याकडची काही कामं एका रात्रीत मुकी झाली. गाणं संपलं त्याच दिवशी प्रत्येक ट्रॅक सुरुवातीपासून शेवटपर्यंत साध्या वेव्ह फाइलमध्ये काढून ठेवा, एकदा रिव्हर्बसारख्या इफेक्ट्ससह आणि एकदा कोरा, आणि दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा. हे मी चांगल्या सल्ल्यासारखं सांगतोय, पण शिकलो ते एका संपूर्ण अल्बमच्या फेरमिक्सिंगची मागणी आली आणि हातात फक्त दोन ट्रॅकचं तयार मिक्स उरलं होतं तेव्हा.

आता इंटरनेट. सीडीवरच्या आवाजात सेकंदाला ४४,१०० नमुने असतात, प्रत्येक १६ बिटांचा, डावा-उजवा धरून. मिनिटाला सुमारे दहा मेगाबाइट. चार मिनिटांचं गाणं टेलिफोनच्या ५६ के मोडेमवरून उतरवायचं तर दीड तासाहून अधिक वेळ. एवढा वेळ कुणी फोनची लाइन अडवून ठेवत नाही, त्यामुळे गाणं सीडीत सुरक्षित होतं. कुलूप-किल्लीने नाही, नुसत्या आकाराने. जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेत कार्लहाइन्त्स ब्रांडेनबुर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कानाच्या एका मर्यादेचा फायदा घेतला: मोठ्या आवाजाच्या सावलीतला लहान आवाज आपल्याला ऐकूच येत नाही, मग तो साठवायचा कशाला? तो टाकून दिला की फाइल साधारण अकरापट लहान होते. तीच एमपी३. दीड तासाचं काम नऊ-दहा मिनिटांवर आलं. १९९९ च्या जूनमध्ये नॅप्स्टर, म्हणजे आपल्या संगणकातली गाणी एकमेकांना फुकट द्यायची सेवा, सुरू झालं आणि जगातल्या प्रत्येकाची कपाटं एकमेकांना उघडी झाली. कंपन्यांनी खटले भरले, २००१ च्या जुलैत ते बंदही पडलं, पण सवय तोपर्यंत लागून गेली होती.

धंदा चोरीने बुडाला असं सगळे म्हणतात. मला ते अर्धंच पटतं. सीडीवर ७४ मिनिटांची जागा होती, म्हणून ती भरली जायची: दोन गाणी चांगली आणि बाकीची गाडीबरोबर नळ्याची यात्रा. गिऱ्हाईक दोनसाठी बाराचे पैसे मोजायचं. २००३ च्या एप्रिलमध्ये ॲपलच्या आयट्यून्स स्टोअरने प्रत्येक गाणं सुटं, ९९ सेंटला विकायला ठेवलं आणि ती बांधलेली मोळी सुटली. चोर नसता आला तरी ती कधीतरी सुटणारच होती.

२००८ मध्ये गाणी इंटरनेटवरून थेट ऐकवणारी (स्ट्रीमिंग) सेवा स्पॉटिफाय आली आणि विकत घेणंच संपत गेलं. इथे पैशाचा हिशेब कसा चालतो ते नीट समजून घ्या, कारण माझ्याकडे येणाऱ्या दहा कलाकारांपैकी नऊ जण “एका ऐकण्याला किती मिळतात?” असं विचारतात, आणि असा ठरलेला दर मुळात नाहीच. महिन्याभरात वर्गणी आणि जाहिराती यांतून जमलेल्या रकमेतला साधारण दोन-तृतीयांश हिस्सा हक्कदारांसाठी एका हौदात जातो. मग एकूण ऐकण्यांपैकी तुमच्या गाण्यांचा वाटा जेवढा, तेवढा त्या हौदातला तुमचा वाटा. याचा एक विचित्र परिणाम होतो. तुम्ही महिनाभर फक्त एकाच गायिकेला ऐकलंत, तरी तुमची वर्गणी तिला जात नाही. ती हौदात पडते, आणि दिवसरात्र गाणी चालू ठेवणाऱ्यांच्या आवडीप्रमाणे वाटली जाते. साउंडक्लाउड या दुसऱ्या सेवेने २०२१ मध्ये ज्याचा श्रोता त्यालाच पैसे, अशी पद्धत काही कलाकारांसाठी सुरू केली. मला ती जास्त न्याय्य वाटते, पण मोठ्या सेवांनी ती सरसकट स्वीकारलेली नाही. उलट २०२४ पासून स्पॉटिफायवर आधीच्या बारा महिन्यांत हजार वेळा न ऐकल्या गेलेल्या गाण्याला ध्वनिमुद्रणाचा मोबदलाच मिळत नाही.

शिवाय ऐकणं ‘मोजलं’ जायला तीस सेकंद लागतात. चाळीस सेकंदांची सुरावट आधी आणि मग मुखडा, अशी चाल घेऊन कुणी आलं की निर्माता आता घड्याळ दाखवतो. मुखडा आधी, प्रस्तावना गायब. गाण्याच्या बांधणीवर हिशेबनिसाचा हात पहिल्यांदाच पडला असं नाही. जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावायची आणि गाणी तेवढीच होत गेली. फरक एवढाच की तेव्हा शेवट कापला जायचा, आता सुरुवात कापली जाते.

धंदा बुडाला म्हणणाऱ्यांसाठी एक आकडा: आयएफपीआय या संगीत-कंपन्यांच्या जागतिक संघटनेच्या मते २०२४ मध्ये ध्वनिमुद्रित संगीताची उलाढाल २९.६ अब्ज डॉलर होती आणि त्यातला ६९ टक्के भाग स्ट्रीमिंगचा. पैसा परत आला आहे. तो फार थोड्या हातांत आणि फार उशिरा येतो, ही तक्रार वेगळी आणि खरी आहे.

आवाजाच्या पातळीबद्दल थोडंच सांगतो. आपलं गाणं दुसऱ्यापेक्षा मोठं वाजावं म्हणून सीडीच्या काळात मास्टरिंगमध्ये, म्हणजे तयार मिक्सवर शेवटचा हात फिरवताना, सगळं चेपून सपाट करायची चढाओढ होती. स्ट्रीमिंग सेवा आता सगळी गाणी साधारण एका पातळीवर आणतात. स्पॉटिफायची नेहमीची पातळी उणे १४ लफ्स (कानाला जाणवणारा मोठेपणा मोजायचं एकक) आहे. चेपलेलं गाणं तिथे नुसतं खाली ओढलं जातं, आणि चेपल्याचं नुकसान तेवढं शिल्लक राहतं. तरीही अजून रोज कुणीतरी मला “अजून लाउड” म्हणतं.

आता कागदपत्रं. हा भाग वाचताना जांभई येईल, पण पैसा इथेच अडकतो. प्रत्येक गाण्यात दोन मालमत्ता असतात: एक शब्द आणि चाल, दुसरी त्यांचं ध्वनिमुद्रण. ध्वनिमुद्रणाला आयएसआरसी नावाचा बारा अक्षरांचा क्रमांक असतो, रचनेला आयएसडब्ल्यूसी हा वेगळा. इंटरनेटवरची यंत्रं गाणं ओळखतात ती अशा क्रमांकांवरून आणि नावाच्या स्पेलिंगवरून, तुमच्या आवाजातल्या दर्दावरून नाही. नाव दोन तऱ्हांनी लिहिलं की दोन कलाकार तयार होतात. माझ्या ओळखीच्या चौघांनी एक गाणं केलं, वाटे तोंडी ठरले. दोन वर्षांनी ते एका जाहिरातीत गेलं, आणि चौघांनी आपापल्या परीने मागितलेल्या वाट्यांची बेरीज १२५ टक्के झाली. शंभरच्या वर बेरीज गेली की पैसे रोखून धरले जातात. चौघांचं एकमेकांशी बोलणं बंद झालं, पैसे तसेच पडून. म्हणून माझ्याकडे आता मुद्रणाच्या दिवशीच, खोली सोडण्याआधी, एका कागदावर कुणाचे किती टक्के ते लिहून सगळ्यांच्या सह्या घेतात. पाच मिनिटांचं काम आहे, आणि दर वेळी कुणीतरी “आपल्यात कशाला?” म्हणतंच.

दरवाजे उघडले हे मात्र निर्विवाद. अमेरिकन गायिका बिली आयलिशचा २०१९ चा पहिला अल्बम तिच्या भावाच्या शयनकक्षात ध्वनिमुद्रित झाला. त्याच वर्षी अमेरिकेच्या मुख्य यादीत १९ आठवडे पहिल्या जागी राहिलेलं रॅपर लिल नास एक्सचं गाणं नेदरलँड्समधल्या एका तरुणाच्या ठेक्यावर उभं होतं. तो ठेका लिल नास एक्सने इंटरनेटवरून ३० डॉलरला विकत घेतला होता, ठेका बनवणाऱ्याला न भेटता. पण त्या ठेक्यात दुसऱ्याच एका बँडचा तुकडा वापरलेला होता आणि गाणं गाजल्यावर ते हक्क रीतसर सोडवावे लागले. ही गोष्ट “कुणालाही जमतं” म्हणून सांगितली जाते. मी ती ठेका विकत घेण्यापूर्वी अटी वाचा, हे सांगण्यासाठी वापरतो.

कृत्रिम बुद्धिमत्तेचं विचारल्याशिवाय हल्ली कुणी सोडत नाही. तिचा एक उपयोग मी रोज करतो: मिसळलेल्या आवाजातून गळा आणि वाद्यं सुटी करणं. जॉन लेननच्या जुन्या कॅसेटवरचा गळा पियानोपासून वेगळा होईना म्हणून बीटल्सच्या उरलेल्या तिघांनी १९९० च्या दशकात एक गाणं सोडून दिलं होतं. याच तंत्राने तो वेगळा झाला आणि गाणं २०२३ मध्ये बाहेर आलं. दुसरा उपयोग म्हणजे दोन ओळींच्या सूचनेवरून अख्खं गाणं तयार करणं. सुनो आणि युडिओ या दोन सेवांवर तीन मोठ्या कंपन्यांनी जून २०२४ मध्ये दावे लावले, कारण ही यंत्रं आमचीच गाणी परवानगीशिवाय ऐकवून शिकवली, असं त्यांचं म्हणणं. माझ्या खोलीत याचा परिणाम दिसतो तो मोठ्या गायकांवर नाही. जाहिरातीमागे, मुलाखतीमागे वाजणारं, कुणी लक्ष देऊन न ऐकणारं संगीत करून जे पोट भरायचे, त्यांचे फोन कमी झाले आहेत. चाळीस वर्षांपूर्वी तालवाद्यवाल्यांचे झाले तसेच.

आता प्रश्नाचा दुसरा भाग. स्टुडिओ हवा का? लॅपटॉपमधली यंत्रं माझ्याकडच्या यंत्रांइतकीच चांगली आहेत, त्यासाठी येऊ नका. घरी जमत नाही ती खोली. ड्रम, तंतुवाद्यांचा ताफा, चार माणसं एकमेकांकडे बघत वाजवणार असतील तर खोली विकत घ्या, एक दिवसापुरती. एकट्याचा गळा कपडे भरलेल्या कपाटासमोरही उत्तम मुद्रित होतो. भिंतींवरून परतणारा आवाज कपडे शोषून घेतात. आणि मिक्स दुसऱ्या कुणाला तरी द्या. माझ्याकडेच असं नाही, पण ज्याने ते गाणं सहाशे वेळा ऐकलेलं नाही अशा कुणाला तरी.

कंपनी हवी का? गाणं सेवांवर चढवण्यासाठी नको, ते काम डिस्ट्रिब्युटर, म्हणजे गाणी सगळ्या सेवांपर्यंत पोचवणारा मध्यस्थ, थोडक्या फीत करतो. कंपनी दोन गोष्टी देऊ शकते: आगाऊ पैसे आणि तुमच्यासाठी दरवाजे ठोठावणारी माणसं. करार समोर आला की दोनच गोष्टी आधी शोधा: ध्वनिमुद्रणाची मालकी किती वर्षांनी तुमच्याकडे परत येते, आणि आगाऊ रक्कम तुमच्या हिश्शातून वसूल होणार की एकूण जमेतून. या दोन ओळी करारात सापडल्या नाहीत तर सही करू नका, वकिलाकडे जा. आणि तोपर्यंत त्या चाळीस टेकांतले पस्तीस पुसून टाका.